शेपटीच्या बांधीला आधी पाणी

त्या गावात मी पहिल्यांदा गेलो तो भांडणाची बातमी आणायला. ऑगस्टच्या शेवटी पावसाने ओढ दिली होती. अड्याळच्या पुढच्या एका गावात तलावाच्या पाण्यावरून काठ्या निघाल्या आहेत, असे एसटीच्या एका कंडक्टरने सांगितले होते. मी नागपूरच्या एका दैनिकाचा भंडाऱ्याचा वार्ताहर होतो. वय सत्तावीस, मूळ गाव साताऱ्याच्या बाजूला. नोकरी लागून दीड वर्ष झाले होते. सत्तरचे दशक अर्धे सरले होते.

सकाळी दहाला पोचलो. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बंधाऱ्यावर, पंचवीस-तीस माणसे बिड्या ओढत बसली होती. कोणाच्याही हातात काठी नव्हती. तलावात कमरेइतके पाणी उरले होते आणि ते सोडणे चालू होते.

या भागात धानाच्या शेताचे चारी बाजूंनी मातीचे धुरे, म्हणजे छोटे बांध, घातलेले तुकडे असतात. एकेका तुकड्याला बांधी म्हणतात. बांध्या तलावापासून उतरत्या असतात. एरवी वरची बांधी भरते, तिचे पाणी धुऱ्यावरून खालच्या बांधीत जाते आणि असे करत शेवटच्या, म्हणजे शेपटीच्या बांधीपर्यंत पोचते. त्या दिवशी मात्र पाणी वरच्या बांध्यांना वळसा घालून थेट शेपटीकडे चालले होते. वरच्या बांध्यांतल्या जमिनीला भेगा पडायला लागल्या होत्या आणि त्यांचे मालक पाळीवर बसून ते पाहत होते.

पाणी वाटण्याचे काम गावाने नेमलेल्या पाणकराकडे असे. तो साठीकडे झुकलेला, काटक माणूस. खांद्यावर फावडे घेऊन उभा होता. वरच्या शेतांना पाणी का देत नाही, असे मी विचारले.

“पेपरवाले व्हय का जी?” तो म्हणाला. “लिहा मंग, पानकर येडा झाला.”

पाळीवरची माणसे हसली. त्यांच्यातला एक उठून माझ्याजवळ आला. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, हातात छत्री. प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले ते गृहस्थ. गाव त्यांना गुरुजी म्हणे, मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी मला शाळेच्या मराठीत समजावून सांगितले. पाऊस पुरेसा असेल त्या साली पाणी वरून खाली जाते. पाणी कमी पडेल त्या साली शेपटीच्या बांधीला आधी द्यायचे आणि मागे मागे वर यायचे, ही गावाची रीत आहे. कोणी घातली ते माहीत नाही.

“म्हणजे भांडण नाही,” मी म्हणालो. “मग बातमीही नाही.”

गुरुजींची शाळेची मराठी तिथे संपली. “बातमी नाही? टंचाईत लोकं शेवटच्याले आधी देऊन राहिले, हे बातमी नाही? भांडण झालं असतं त झाली असती?”

मी आठ ओळींची बातमी पाठवली. पाच छापून आल्या. गळालेल्या तीन ओळींत ती रीत होती.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नव्हते. बातमी खालून कापतात. नागपूरच्या कचेरीत माझा पहिला आठवडा चालू असताना मुख्य उपसंपादकांनी माझा कागद हातात घेतला, न वाचता मधोमध दुमडला आणि खालचा अर्धा भाग फाडून टोपलीत टाकला. “उरलेल्यात बातमी असेल तर तुला लिहिता येतं,” ते म्हणाले. तेव्हा छपाई खिळ्यांची होती. जुळवलेला मजकूर पानात मावला नाही, तर जुळारी गॅलीच्या, म्हणजे जुळवलेले खिळे ठेवलेल्या तबकाच्या, तळाच्या ओळी बोटांनी उचलून बाजूला ठेवी. तो त्या वाचत नसे. म्हणून महत्त्वाचे आधी लिहायचे, कमी महत्त्वाचे नंतर आणि शेवटी असे काहीतरी की गेले तरी चालेल. या शिस्तीची सवय इतकी झाली होती की घरी आईला लिहिलेली पत्रेही मी तशीच लिहीत असे. प्रकृती ठीक आहे, पैसे मिळाले, ही पहिली ओळ. शेवटी लिहायला फारसे काही नसे.

भंडाऱ्यात एसटी स्टँडमागे माझी खोली होती. जेवण खानावळीत. दिवसभर बोलणे होई ते तहसील कचेरीत, ठाण्यात, बाजारात, आणि त्यात प्रश्न माझे असत. मला कोणी काही विचारत नसे. अड्याळच्या बाजाराचे भाव घ्यायला दर आठवड्याला जावे लागे. तिथून गुरुजींचे गाव दीड कोसावर होते. मी जाऊ लागलो.

गुरुजी एकटे राहत. पत्नी चार वर्षांपूर्वी वारली होती. एकुलता मुलगा भिलाईला कारखान्यात होता. पुढच्या खोलीत बांबूची एक ढोली होती. पूर्वी तिच्यात बियाण्याचे धान ठेवत. आता ती कागदांनी भरली होती. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर गुरुजी अकरा वर्षे लिहीत होते. विषय भाषा. सगळी भाषा, म्हणजे उच्चार, शब्द, व्याकरण आणि अर्थ, एकाच नियमाने चालते, असे त्यांचे म्हणणे होते.

“पुस्तकात पहा,” ते म्हणत. “वर्णांचा धडा येगळा, विभक्तीचा येगळा, वाक्याचा येगळा. आन् अर्थ? अर्थाचा धडाच नाही. व्याकरण एका खोलीत, अर्थ दुसऱ्या खोलीत, मधात भिंत. कोणं घातली भिंत? बोलणाऱ्यानं त नाही घातली.”

नियम त्यांना सापडला तो तलावाच्या पाळीवर. एका टंचाईच्या साली पाणकर शेपटीकडून पाणी देत वर येत होता आणि गुरुजी नेहमीप्रमाणे छत्री टेकून उभे होते. मला ते समजावून सांगताना त्यांनी धड्याची पद्धत वापरली.

“म्हणा. ‘काल बाजारात माझ्या धाकट्या भावानं पांढरा बैल.’ थांबा. बैल कोठी आहे?”

“बाजारात.”

“घरी आला का घरून गेला?”

“ते कळलं नाही अजून.”

“भाऊ खुशीत आहे का रडून राहिला?”

“तेही नाही.”

“आता म्हणा, ‘विकला.’ झालं. बैल गेला, भाऊ दिसला, बाजार दिसला, कालचा दिवस दिसला. शेवटच्या बांधीत पाणी पडलं आन् मांगं मांगं सगळ्या भिजल्या. तोवर सगळं कोरडं होतं.”

पुढचे मागच्याला ठरवते. हा त्यांचा नियम, आणि तो प्रत्येक पातळीवर लागतो असे ते दाखवून देत. अक्षर पुढच्या अक्षराने ठरते. शब्द काय काम करतो ते त्याच्या शेपटाला लागलेल्या प्रत्ययाने ठरते. वाक्य क्रियापदाने. इथवर मला पटत असे आणि फारसे नवलही वाटत नसे. पण ते इथे थांबत नसत.

“आन् वाक्य कायनं ठरते?”

“ते तर पूर्ण झालं.”

“नाही झालं. मी म्हटलं, ‘पाणी देता का?’ तुमी उठून पाणी दिलं, त ते मागणं. तुमी हासले, त ते थट्टा. तुमी म्हणाले, ‘काहून, हात मोडले का?’ त ते भांडण. वाक्य उत्तरानं ठरते. आन् तुमी ऐकलंच नाही त?”

“तर?”

“त मी बोललोच नाही.”

हे त्यांनी कोणताही भाव न आणता सांगितले. बायको गेल्यावर सहा महिने भांड्यांशी, कोंबड्यांशी बोलून पाहिले, असेही त्यांनी त्याच सुरात सांगितले. “होत नाही. शब्द बाहेर येते, बोलणं होत नाही.”

मी भंडाऱ्याला परतताना बसमध्ये त्या वाक्याचा विचार करत असे. माझ्या बातम्यांवर नाव नसे. त्या वाचून कोणी काही म्हटल्याचे मला कधी कळले नव्हते.

गुरुजींना एक उत्तर हवे होते. जाणत्या माणसाचे. ते त्यांच्या नियमाचाच भाग होते: भाषेविषयीचा सिद्धांत हेही शेवटी एक वाक्य, आणि त्याला उत्तर येत नाही तोवर तो कोरडा. त्यांनी नागपूरच्या आणि पुण्याच्या प्राध्यापकांना जोडकार्डे पाठवली होती. जोडकार्ड म्हणजे दोन पोस्टकार्डे एकमेकांना जोडलेली. एकावर आपण लिहायचे, दुसरे उत्तरासाठी कोरे, त्याचे टपाल आपणच भरलेले. दुसऱ्या कार्डावर गुरुजी स्वतःचा पत्ता आधीच घालून ठेवत, उत्तर देणाऱ्याला तेवढाही त्रास नको म्हणून. एकही परत आले नव्हते.

पाणकर संध्याकाळच्या आत कामावरून परतताना त्यांच्या ओसरीसमोरून जाई. आम्ही दोघे कागद पसरून बसलेले दिसलो की तो थांबे.

“का जी गुरुजी, आज किती बांध्या भिजल्या?”

“तू तुह्यं काम पाय गा.”

“माहं झालं. तुमचंच होऊन नाही राहिलं. अकरा साल झाले, धान पिकलं असतं बाप्पा.”

तो गेल्यावर एकदा मी विचारले, या माणसाला तुम्ही हे वाचून दाखवले आहे का?

“त्याले?” गुरुजींना प्रश्नच कळला नाही. “त्याले का समजन? माह्यासंगं चौथीत होता. नापास झाला.”

पुरवणीची कल्पना माझी. रविवारच्या पुरवणीत तीन कॉलमांचा लेख देता येईल, नागपूरची विद्यापीठातली माणसे ती वाचतात, असे मी म्हणालो. गुरुजींनी छत्री खाली ठेवली आणि किती शब्द ते विचारले.

तीन आठवडे त्यांनी काम केले. चौदा पानांची चार केली. भाषा चांगली होती, कुठेही अडत नव्हती. सुरुवात तलावाने, मग पाणकर, टंचाईचे साल, शेपटीची बांधी. त्यानंतर बैलाचे वाक्य. आणि अगदी शेवटी, पाच परिच्छेदांत, नियम.

मी वाचले आणि म्हणालो, “गुरुजी, मुख्य मुद्दा वर घ्या. नियम पहिल्या परिच्छेदात सांगा, तलाव नंतर.”

“शेवटाले कळणारी गोष्ट सुरुवातीले सांगू? मंग नियमच मोडला की जी. मीच मोडला.”

“वर्तमानपत्रात तसंच लिहितात.”

“तुमचं पेपर वरच्या बांधीले पाणी देते. हे माहं आहे.”

मी पुन्हा म्हटले नाही. लेखाची सुवाच्य नक्कल मी माझ्या हाताने केली, खाली कार्बन घालून. हे करताना मला माहीत होते की कॉलम भरले तर कापतील ते खालून. एक उपाय होता. समासात लिहायचे: शेवट महत्त्वाचा आहे, कापू नये. पण कचेरीत अशा सूचनांचे काय होई ते मी पाहिले होते. मोहाडीकडच्या एका वार्ताहराने आपल्या बातमीवर तशी सूचना लिहिली होती, तेव्हा उपसंपादकांनी ती मोठ्याने वाचून दाखवली, मग टाचणीने फळ्यावर लावली. महिनाभर ती तिथे होती. माझे अक्षर त्या फळ्यावर लागू नये असे मला वाटले. मी सूचना लिहिली नाही. पाकीट दुपारच्या नागपूर गाडीच्या कंडक्टरकडे दिले.

लेख तिसऱ्या रविवारी आला. मथळा डेस्कने दिला होता: ‘तलावाचे पाणी : एक जुनी, शहाणी रीत’. तीन कॉलम पूर्ण नव्हते. खाली पाण्याच्या पंपाची जाहिरात होती. बैलाचे वाक्य गेले होते, पाच परिच्छेद गेले होते. खांद्यावर फावडे घेऊन पाणकर शेपटीच्या बांधीकडे निघतो, तिथे लेख संपत होता. ते वाचून कोणाला काही गळले आहे असे वाटले नसते. चांगला शेवट होता.

अंक घेऊन मी गेलो तेव्हा तो गुरुजींपर्यंत पोचलेला होता. पान त्यांच्या मांडीवर होते. त्यांनी ते उलटून मागची बाजू मला दाखवली. मागे सिनेमाच्या जाहिराती होत्या.

“पुढचं पुढच्या रविवारी येते का जी?”

मी म्हणालो, “विचारतो.”

विचारण्यासारखे काही नव्हते. मी विचारलेही नाही.

पाणकर त्या दिवशी ओसरीवर चढून बसला. शाळेतल्या मुलांकडून त्याने लेख वाचून घेतला होता. “गुरुजी, तुमी मले पेपरात टाकलं. सोताले काहून नाही टाकलं?” गुरुजींनी मांडीवरचे पान दुमडले. “नाही त फोटू त द्या लागत होता माहा. फावडं घेऊन.”

पुढच्या रविवारी काही आले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पत्रे मात्र आली. कचेरीने ती माझ्याकडे पाठवली, मी गुरुजींकडे नेली. सात होती. आंधळगावच्या एका शेतकऱ्याने विचारले होते की पाणकराला त्याच्या कामाचे धान गाव कोणत्या हिशेबाने देते. लाखांदूरच्या एका शिक्षकाला लेख शाळेत वाचून दाखवायचा होता. पाटबंधाऱ्यातल्या एका निवृत्त अभियंत्याने रीत चांगली आहे पण गळती फार होते, असे कळवले होते. एकाने कोणते बियाणे लावता ते विचारले होते. भाषेविषयी एकही ओळ नव्हती.

गुरुजींनी सातही पत्रे वाचली. मग म्हणाले, “कापलं ना?”

“जागा नव्हती.”

“जागा नसन त वरचं कापाचं.”

मी पत्रांची पाकिटे गोळा करू लागलो. खालून कापतात हे मला आधीपासून माहीत होते, हे सांगायची ती वेळ होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पण विचारले ते दुसरेच.

“उत्तर आलं त आहे. सात आले. सगळे म्हणून राहिले का हा लेख पाण्याचा आहे.” थोडा वेळ त्यांनी पत्रांच्या कडा जुळवल्या. “वाक्य उत्तरानं ठरते. मंग हा लेख पाण्याचाच. नियम माहाच आहे, आता मोडू का?”

ते हसले. मग ढोलीवर झाकण ठेवले आणि त्यावर धान मोजायची पायली ठेवली. सातही पत्रांना त्यांनी नीट, मुद्देसूद उत्तरे लिहिली, बियाण्याच्या प्रश्नासकट. भाषेचा विषय त्यांनी माझ्यापाशी पुन्हा काढला नाही. मी जात राहिलो तोवर आम्ही पावसाविषयी बोलत असू.

दशक संपता संपता माझी बदली नागपूरला डेस्कवर झाली. आता इतरांचे मजकूर माझ्यापुढे येत आणि मी ते खालून कापत असे. वेळेत पान सोडायचे तर दुसरा मार्ग नसतो. काही दिवसांनी तळाच्या ओळी न वाचता कापता येऊ लागले.

गुरुजींची जोडकार्डे येत. चार-सहा महिन्यांनी एक. रोपांसाठी पऱ्हे टाकले, रोवणी आटोपली, तलाव अर्धा भरला, गुडघा दुखतो. अक्षर पाटीवरच्यासारखे. दुसऱ्या कार्डावर त्यांचा स्वतःचा पत्ता, नाव, गाव, व्हाया अड्याळ. मला उत्तर द्यायचे असे. कार्ड टेबलाच्या खणात जाई. पाच जमली. पाचव्यात शेवटची ओळ होती, ‘आपले काम वाढले असेल.’ त्यानंतर आले नाही. न येणे मला बरेच उशिरा लक्षात आले.

ऐंशीचे दशक अर्ध्यावर आले असताना मला पवनीला एका कामासाठी पाठवले गेले. परतताना मी अड्याळला उतरलो. पिशवीत लेखाची कार्बनची नक्कल होती आणि पाच कोरी कार्डे होती. ती गुरुजींपुढे ठेवायची, आणि समासातल्या सूचनेचे सांगायचे, असे मी ठरवले होते. घराला कुलूप होते. ओसरीवर गवत उगवले होते.

पाणकर तलावाच्या पाळीवर भेटला. फावडे आता पुतण्याकडे होते. हा काठी घेऊन बसला होता. त्याने मला ओळखायला वेळ घेतला, मग म्हणाला, “पेपरवाले. बुढे झाले जी तुमीबी.”

गुरुजींचे विचारले.

“गुरुजी गेला. दोन साल झाले. पोरानं भिलाईले नेलं होतं, तिथंच गेला.”

“कागद?”

“पोरानं ढोली उघडली त अर्ध्याले उधई लागली होती, भुगा झाला होता. बाकीचे नेले का जाळले, मले नाही मालूम.”

मी त्याच्याजवळ बसलो. मग मी नक्कल काढली आणि म्हणालो की छापलेला लेख पुरा नव्हता, शेवट कापला होता. कापला जाणार हे मला आधी माहीत होते. एक ओळ लिहिली असती तर कदाचित वाचला असता.

“मंग त्याले काहून नाही सांगतलं?”

मी नकलेच्या घड्या उलगडू लागलो.

“त्यानं इचारलं नाही का?”

“विचारलं होतं.”

पाणकराने मान हलवली. “वाचा,” तो म्हणाला. “का होतं ते वाचा.”

मी शेवटचे पाच परिच्छेद वाचले. मोठ्याने वाचायला सहा-सात मिनिटे लागली. पुतण्या खालच्या धुऱ्यावर माती टाकत होता, तो थांबून ऐकू लागला. अक्षर, प्रत्यय, क्रियापद, उत्तर. पुढचे मागच्याला ठरवते, शेवटची बांधी भिजेपर्यंत वरच्या सर्व कोरड्या. शेवटचे वाक्य असे होते: ‘म्हणून बोलणाऱ्याचे बोलणे हे ऐकणाऱ्याच्या हाती असते, आणि ज्याला ऐकणारा नाही त्याच्याजवळ भाषा नाही.’

“एवढंच?” पाणकर म्हणाला.

“एवढंच.”

“हे त मीच सांगतलं त्याले. शेपटीचं.” तो काठीने मातीत रेघा ओढू लागला. “पन गुरुजी चुकला.”

“कुठे?”

“हेच. वरचं कोरडं म्हणते. कोरडं कोठी असते जी? शेपटीले पाणी देतो ते कोठून जाते? वरच्या बांधीच्या धुऱ्याजवळूनच जाते ना. जाताजाता पाझरते. दिसत नाही, पन खाली ओल धरते. वरचा धान तेवढ्यावर आठ-दहा दिवस काढते. म्हनून त वरचे लोकं चूप बसून राहते. कोरडं असतं त मले मारून टाकलं असतं त्यायनं.”

रेघांवरून काठी त्याने खालपासून वर आणली.

“आन् समजा, मधातच पाणी सरलं. शेपटीपर्यंत गेलंच नाही. तरी जिथून गेलं तिथं ओल राहते. कमी पिकते. पन पिकते. वाया कुठं जाते?”

मी वही काढली आणि त्याला ते पुन्हा, सावकाश सांगायला लावले. गुरुजींनी प्राध्यापकांकडून अकरा वर्षे मागितलेली गोष्ट हीच होती. त्यांचा नियम समजून घेऊन, तो कुठे कमी पडतो ते सांगणारे उत्तर.

“तुम्ही हे त्यांना कधी सांगितलं नाही?”

“त्यानं मले कधी वाचून दाखवलं?” पाणकर म्हणाला. आणि मग, “रोज त जात होतो समोरून.”

भंडाऱ्याची गाडी साडेचारला होती. अड्याळच्या स्टँडवर पोचलो तेव्हा अर्धा तास शिल्लक होता. मी पिशवीतून एक कोरे कार्ड काढले. त्यावर गुरुजींच्या अक्षरात त्यांचे नाव आणि पत्ता होता. मागच्या बाजूला तारीख घातली आणि पाणकर बोलला ते त्याच्याच शब्दांत, वहीत पाहून, लिहीत गेलो. अक्षर बारीक काढले तरी कार्ड भरले आणि शेवटची दोन वाक्ये उरली. ती मी कार्ड फिरवून, समासात, आडवी लिहिली.